तीन कप्प्यांची नाव

समुद्राचं पाणी पहिल्यांदा तोंडात गेलं तेव्हा बरोबरच्या बायकांनी तोंडं वाकडी केली. मला फारसं काही वाटलं नाही. माझं माहेर तेल्हाऱ्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीचं पाणी जवळपास तसंच लागायचं. फक्त त्याला लाटा नव्हत्या.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. कोकणात आठ दिवस राहून मी आणि माझी नणंद वर्षा समुद्रातली कयाक चालवायला शिकलो. मी बावन्न वर्षांची, ती सत्तेचाळीस. मी अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, ती अमरावतीत वकिली करते. मला पोहता येतं. तिला तलावाच्या कडेकडेने येतं, आणि कडा दिसेनाशी झाली की येत नाही. परत येताना दोन जुन्या नावा विकत घेऊन आलो. वऱ्हाडात समुद्र नाही, हे त्यानंतर आम्हाला बऱ्याच लोकांनी सांगितलं. पण वऱ्हाडात धरणं आहेत, आणि मोर्शीजवळचं अप्पर वर्धा एवढं मोठं आहे की दुपारी वारा सुटला तर पलीकडचा काठ असून नसल्यासारखा होतो. या फेब्रुवारीत आम्ही ते पार करून आलो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि ज्यांना नावेचं झाकण ही किरकोळ गोष्ट वाटते त्यांच्यासाठीही.

अकोला

आधी नाव समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

ही नाव सतरा फूट लांब आणि जेमतेम माणसाच्या कुल्ल्याएवढी रुंद असते. आपण तिच्यावर नाही, तिच्या आत बसतो, कमरेपर्यंत. आत दोन आडव्या भिंती असतात, एक पायांच्या पुढे आणि एक पाठीच्या मागे. इंग्रजीत त्यांना बल्कहेड म्हणतात, आम्ही पडदा म्हणतो. या दोन पडद्यांमुळे नावेचे तीन कप्पे होतात. मधल्यात माणूस. पुढचा आणि मागचा कप्पा वरून रबरी झाकणाने बंद, आत सामान आणि हवा. नाव उलटली तर पाणी फक्त मधल्या कप्प्यात शिरतं, बाकीचे दोन तिला तरंगत ठेवतात. पडदे नसतील तर पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतं, आणि मग तुमच्या हातात नाव नसते, पाण्याने भरलेला सतरा फुटी नळ असतो.

पडदा गळतो की नाही हे तपासायचा एकच खात्रीचा उपाय, एका कप्प्यात पाणी भरायचं आणि दुसऱ्यात येतं का ते बघायचं. त्यासाठी नळाला पाणी यायची, म्हणजे काही दिवस, वाट पाहावी लागली. ज्या दिवशी नळ आला त्या दिवशी अंगणात नाव लाकडी ओंडक्यांवर ठेवली आणि आत पाइप सोडला. शेजारच्या मावशी भिंतीवरून बघत होत्या. त्यांना राहवेना.

"काहून वो बाई, नावेतच पाणी भरून राहिल्या? पाणी तं बाहीर पायजे ना!"

"आत किती राहतं ते बघतेय, मावशी."

"अन् मंग ते फेकून देसान?"

"धुणं धुवीन."

"मंग ठीक हाये," असं म्हणून त्या आत गेल्या.

एका नावेचा मागचा पडदा झिरपत होता. एमआयडीसीत कूलरची फायबरची खोकी बनवणाऱ्या एका कारागिराने तो कडेकडेने भरून दिला. पुढच्या नळाच्या दिवशी पुन्हा पाणी भरलं. थेंब आला नाही. मी समाधानी झाले. आज वाटतं, जरा जास्तच झाले.

निघताना सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. वर्षा त्यांची धाकटी लेक. त्यांनी आरडाओरडा केला नाही, आशीर्वादही दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "माही पोर हाये. जशी नेऊन राहिली तशीच आणून दे."

मी हो म्हटलं. ती सही केल्यासारखी गोष्ट होती.

मोर्शीजवळ

वर्षाच्या सासरचे नानाभाऊ मोर्शीजवळ राहतात. त्यांची संत्र्याची बाग जिथे संपते तिथून पाणी दिसायला लागतं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या फळांची, तोड सुरू झाली होती. बागेत माणसं शिड्यांवर होती, खाली वाळक्या गवतावर संत्र्यांचे ढीग, आणि हवेला असा वास की गाडीतून उतरल्यावर दोघींनी आधी खोल श्वास घेतला.

नानाभाऊ साठीचे, अंगाने हडकुळे, आवाजाने दणकट. गाडीच्या टपावरच्या दोन नावांभोवती त्यांनी एक फेरी मारली.

"इतकी बारीक? अन् याच्यात तुमी बसता?"

"बसतो," वर्षा म्हणाली.

"कोर्टात बसत जा ना, बाप्पा."

मी त्यांना झाकण उघडून पडदे दाखवले. त्यांनी हात घालून मागचा पडदा बोटाने वाजवून पाहिला आणि लगेच म्हणाले, "म्हंजे संत्र्याच्या फोडीवानी. एक फुटली तं रस त्याच फोडीतून जाते." मी वर्गात तास तास बोलते, मला हे इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

जेवायला पातोडीचा रस्सा, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. नानाभाऊंच्या बायकोने, कमलवहिनींनी, वाढताना विचारलं नाही, वाढलंच. आमच्या तेल्हाऱ्याकडे पाहुण्याला ताट वाढण्याआधी पाणी देतात आणि पाणी देताना थोडं ओशाळतात, कारण ते खारं असतं. इथे पाण्याचं कोणी काहीच म्हणत नव्हतं. ते होतं, बागेच्या पलीकडे, जितकी नजर जाईल तितकं.

दुपारी आम्ही त्यावर उतरलो, फक्त काठाकाठाने. त्या तीन तासांबद्दल मी काय लिहू? मी मोजमाप करणारी बाई आहे, आणि माझी मोजमापं तिथे बंद पडली. पाणी इतकं स्थिर होतं की वल्ह्यावरून ओघळणारा थेंब पडलेला ऐकू येत होता. एका ठिकाणी शेतातून एक डांबरी रस्ता उतरत आला होता आणि वळणही न घेता सरळ पाण्यात गेला होता. आम्ही त्याच्यावरून गेलो. पाच-सहा फूट खाली डांबर दिसत होतं, कडेचा मैलाचा दगड दिसत होता, दगडावर हिरवट शेवाळ. कधीतरी याच रस्त्याने बैलगाड्या जिनिंगला कापूस घेऊन गेल्या असतील. आता त्यांच्या डोक्यावरून आम्ही दोन बायका चाललो होतो आणि खाली मासे रस्ता ओलांडत होते.

थोडं पुढे चक्रवाकांचा थवा बसला होता. ऊन लागून त्यांचं नारिंगी अंग पेटल्यासारखं दिसत होतं. हे पक्षी हिमालयापलीकडून येतात. आम्ही वल्ही उचलून धरली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही विशेष काही नाही असं ठरवलं आणि पुन्हा खायला लागले. वर्षा दिवसभर बोलण्यावर पोट भरते. तिथून परत येईपर्यंत ती नुसती मान वळवून त्यांच्याकडे बघत होती.

पाण्यावर

दुसऱ्या दिवशी पलीकडे जायचं होतं. अंतर अडीच किलोमीटर असेल, तासाभराचं काम. तिकडे मासेमारी करणाऱ्या भोयांची एक वस्ती आहे, तिथे रात्री राहायचं आणि सकाळी परत. नानाभाऊ मोटरसायकलवरून लांबच्या रस्त्याने संध्याकाळी तिकडे येणार होते, आमच्यासाठी डबा घेऊन.

सकाळीच निघायला हवं होतं. पण कमलवहिनींनी गिला वडा केला होता, आणि गिला वडा सोडून उठणं ही वऱ्हाडात उद्धटपणाची परिसीमा. आम्ही बसलो. नानाभाऊ तेवढ्यात काठावर जाऊन आले.

"मागच्या डब्यात थोडी संत्री टाकली, वर्षाताईच्या नावेत," ते म्हणाले. "तिकडच्या लोकाईले द्या. रिकाम्या हातानं कसे जासान?"

मी काठावर गेले तेव्हा झाकण जागेवर होतं, वरचा पट्टा ओढलेला होता. निघण्यापूर्वी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवायचं, पूर्ण गोल, हे मी कोकणात शिकले होते आणि येताना गाडीत वर्षाला दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी मी फिरवलं नाही. अकरा वाजून गेले होते, मला घाई होती. कारण एवढंच.

निम्म्यापर्यंत सगळं छान होतं. मग वारा आला. धरणावरचा वारा समुद्रासारखा सांगून येत नाही. आधी पाण्याचा रंग बदलतो, मग लाटा एकदम तयार मिळतात, आखूड आणि उभ्या. माझी नाव त्यांच्यावरून नाचत होती. वर्षाची नाचत नव्हती.

"वहिनी, ही ऐकून नाही राहिली. तोंड भलतीकडेच जाते."

"उजवीकडे जोर लाव."

"लावून राहिली ना! मागून बसून राहिली ही."

मी मान वळवून पाहिलं. तिच्या नावेचं शेपूट प्रत्येक लाटेत पाण्याखाली जात होतं आणि उशिरा वर येत होतं. पुढचं टोक वर उचललेलं, वारा त्याला ढकलत होता. आणि मागच्या झाकणाच्या कडेतून वाळक्या गवताचा एक जुडगा बाहेर आलेला दिसत होता, बोटभर जाडीचा, मुद्दाम खोचलेला.

मला क्षणात कळलं. संत्र्याची पेटी कोणी हवाबंद करत नाही. बंद केली तर फळाला घाम सुटतो आणि दोन दिवसांत सडतं. म्हणून खाली-वर वाळकं गवत घालतात आणि वारा जायला फट ठेवतात. नानाभाऊंनी चाळीस वर्षं जे केलं तेच केलं होतं. त्यांनी संत्र्यांची काळजी घेतली होती.

"वर्षा, हलू नको. मी येतेय."

पण भरलेल्या कप्प्यात पाणी एका बाजूला सरकलं की त्याला थांबवता येत नाही. मी दोन नावांच्या अंतरावर असताना एक लाट आडवी आली आणि तिची नाव उलटली. आवाजही फार झाला नाही. नावेचं पालथं पांढरं पोट दिसत होतं, आणि वर्षा नव्हती.

मी आकडे मोजले. मला तेवढंच सुचतं. चारपर्यंत आले तेव्हा लाइफ जॅकेटच्या लाल रंगासह ती वर आली, खोकत, आणि सगळ्यात आधी जे करायला हवं होतं तेच तिने केलं. नावेचा दोर पकडला.

"सोडू नको."

"सोडून जाऊ कुठे?" ती ओरडली. म्हणजे शुद्धीवर होती.

काठ दोन्हीकडे सव्वा किलोमीटर. पाणी थंड. तिचे ओठ मला दिसत होते. आता तीनपैकी दोन कप्प्यांत पाणी होतं आणि शेपूट खाली ओढलं जात होतं. सामानाच्या पिशव्या हवाबंद होत्या म्हणून ते अजून पूर्ण गेलं नव्हतं. सगळी मदार पुढच्या कप्प्यावर, म्हणजे हाताच्या बोटापेक्षाही पातळ अशा एका पडद्यावर होती.

आधी झाकण. मी माझी नाव तिच्या शेपटाला लावली, पालथ्या नावेखाली हात घातला, गवताचा जुडगा ओढून काढला आणि तळहाताने झाकण दाबलं. गोल, पूर्ण गोल, बोट फिरवून. ते बसल्याचा ठक्क आवाज मी हाताने ऐकला. मग पुढे जाऊन तिच्या नावेचं टोक दोन्ही हातांनी माझ्या नावेवर ओढून घेतलं. मधल्या कप्प्यातलं पाणी मागे वाहत आलं, पाठीमागच्या पडद्यावर आदळलं, आणि त्यापलीकडे जायला जागाच नसल्यामुळे बसायच्या उघड्या जागेतून खाली ओतून गेलं. डोळ्यांदेखत नाव हलकी झाली. मी तीस वर्षं प्लवनशीलता, म्हणजे वस्तू का तरंगते ते, शिकवते. फळ्यावर मी तिच्याबद्दल बोलते, त्या दिवशी ती माझ्या मांडीवर येऊन बसली.

नाव सुलटी केली. दोन्ही नावा शेजारी धरल्या.

"आता पाय आत टाक आणि पोटावर चढ."

"नाही जमत."

"जमतं. कोकणात जमलं होतं."

"तिकडे पाणी गरम होतं, अन् तो शिकवणारा पोरगा हँडसम होता!"

"वर्षा, चढ."

तिसऱ्या वेळी चढली. आत बसून तिने पाच मिनिटं फक्त श्वास घेतला. मी तिची नाव घट्ट धरून होते. आजूबाजूला लाटा होत्याच, वारा होताच, आणि त्या सगळ्याच्या मधोमध आम्ही दोघी एक पडदा, एक रबरी झाकण आणि थोडी हवा यांच्यावर बसलो होतो. मी देवभोळी नाही. पण त्या क्षणी मला पाण्याची भीती वाटली नाही, त्याचा मान वाटला. ते आम्हाला बुडवायला बसलं नव्हतं. ते फक्त कुठे फट आहे ते शोधत होतं.

पलीकडचा काठ

दोन्ही नावा दोराने जोडून आम्ही पुढे निघालो. काठ जवळ आला तेव्हा एक म्हातारा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून आमच्याकडे आला. हे देवराव, वस्तीवरचे. तराफा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत ठोकळे भरून शिवलेली गादी.

"काहून वो, दोघी चिपकून येऊन राहिल्या?"

मी सांगितलं. त्यांनी वर्षाच्या नावेचं शेपूट पाहिलं, पडद्यांचं ऐकलं आणि आपल्या तराफ्यावर थाप मारली. "याचं बी तसंच. दहा पोते हायेत. एक फाटलं तं नऊ हायेतच. एकच मोठं पोतं शिवलं असतं तं मी केव्हाच गेलो असतो."

काठावर नाव ओढायला चार माणसं लागली. मागचं झाकण उघडलं तेव्हा पाण्यावर संत्री तरंगत होती, लख्ख, एकही खराब नाही. मग पुढचं झाकण उघडलं. आतली दुलई मी हाताने दाबून पाहिली. कोरडी होती. नुसती कोरडी नाही, उन्हाने गरम. वर्षा अंगाभोवती ती गुंडाळून काठावरच बसली आणि तिने आईला फोन लावला.

"हो, पोचलो. नाही नाही, काही त्रास नाही. पाणी फार सुंदर आहे, आई." मग फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं नाही बोलले. सुंदर आहेच."

देवरावांच्या सुनेने चहा दिला, त्यात गूळ आणि सुंठ. संध्याकाळी नानाभाऊ आले, डब्यासह. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "संत्री बरोबर पोचली ना? वाऱ्यासाठी गवत खोचलं होतं म्या."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आता आठवतं, आणि ते लिहिण्यासारखं नाही. वर्षाने माझ्या आधी विचारलं, अगदी कोर्टातल्या आवाजात.

"नानाभाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, की हे झाकण हवाबंद ठेवायचं?"

"नाई बाप्पा. फोडीचं सांगतलं, झाकणाचं कोणी नाई सांगतलं."

"आणि वहिनी, निघताना झाकण तपासायचं कोणाचं काम होतं?"

"माझं," मी म्हटलं.

"झालं मग."

मग तिने नानाभाऊंना घडलं ते सांगितलं, पाण्यातल्या मिनिटांसकट. ते ऐकताना ते हळूहळू खाली बसले. त्यांनी गमछा हातात पिळला. म्हणाले, "फळाले वारा पायजे, एवढंच माहीत होतं मले." मी म्हटलं, "मला तर सगळंच माहीत होतं, भाऊ." रात्री त्यांनी डब्यातली भाकरी आम्हाला दिली आणि स्वतः जेवले नाहीत. सकाळी देवरावांच्या सुनेने दटावलं तेव्हा जेवले.

वर्षाला परत मोटरसायकलवर बसवून न्यायचं मी आणि नानाभाऊंनी ठरवून टाकलं होतं. नाव टेम्पोने आणता आली असती. मी तिला ते सांगायला काठावर गेले तेव्हा ती आधीच तिथे होती. पाणी काचेसारखं होतं, वारा नव्हता, पलीकडची बाग एका हिरव्या रेघेएवढी दिसत होती. तिने आपलं मागचं झाकण दाबलं, बोट फिरवलं. पुढचं दाबलं, बोट फिरवलं. मग माझ्या नावेपाशी आली आणि तिचीही दोन्ही झाकणं तशीच पाहिली, मी समोर उभी असताना.

"माझी मी बघितली असती," मी म्हटलं.

"तुमचा भरवसा नाही, वहिनी," ती म्हणाली, आणि माझ्या आधी पाण्यात उतरली.